जपानी सहकाऱ्यांबरोबर काम करताना: 'हो' कधी हो असतं, 'नाही' कसं ओळखायचं

चाकण, सुपे, हिंजवडी इथल्या अनेकांचा जपानी माणसांशी रोजचा संबंध येतो. कुणाचा ग्राहक जपानी, कुणाची मूळ कंपनीच तिकडची, तर कुणाला सहा महिन्यांसाठी नागोयाला किंवा योकोहामाला पाठवलेलं असतं. जाण्याआधी कंपनीत अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण होतं. त्यात वाकायचं कसं आणि चॉपस्टिक धरायच्या कशा, हे शिकवतात. चॉपस्टिक चुकीच्या धरल्या म्हणून कुणाचं कंत्राट गेल्याचं ऐकिवात नाही. घोळ होतात ते होकार-नकाराच्या गैरसमजातून.

समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणायला आपल्यालाही जड जातं आणि त्यांनाही. पण दोघांची पद्धत उलटी आहे. आपण 'हो, होऊन जाईल' म्हणतो आणि मग जमेल तसं जमवतो. जपानी माणूस 'जरा अवघड आहे' म्हणतो आणि त्याच्या लेखी विषय तिथेच संपलेला असतो. आपल्या 'हो'ला तो वचन समजतो आणि त्याच्या 'अवघड आहे'ला आपण 'प्रयत्न केला तर होईल' असं समजतो. पुढचं बहुतेक सगळं या एका गाठीभोवतीच फिरतं.

आधीच एक खुलासा. सगळे जपानी एका साच्यातले नसतात. ओसाकाची माणसं तोक्योच्या मानानं मोकळी बोलतात, नव्या छोट्या कंपन्यांतली तरुण मंडळी बरीच थेट असतात, आणि परदेशात वर्षं काढलेला व्यवस्थापक तुमच्याशी तुमच्याच पद्धतीनं बोलेल. खाली लिहिलंय ते जुन्या, मोठ्या उत्पादन कंपन्यांना सर्वांत जास्त लागू पडतं. सुरुवात तिथून करा आणि माणूस पाहून सैल व्हा.

निघण्याआधी

व्हिजिटिंग कार्डं भरपूर छापून घ्या. पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस सहज संपतात. मागच्या बाजूला जपानी लिपीत नाव आणि हुद्दा हवा. तुमच्या आडनावाचा जपानी उच्चार काय होईल, हे जाणकाराकडून आधीच ठरवून घ्या, कारण तिकडे 'ल' आणि 'र' यांत फरक नाही, 'व'चा बहुधा 'ब' होतो आणि जोडाक्षरं सुटी पडतात. कुलकर्णींचे 'कुरुकारुनी' होतात. जोशींचं मात्र नशीब थोर: 'ओ' लांबवला की जपानीत त्याचा अर्थ 'वरिष्ठ अधिकारी'. (आखूड केला तर 'मुली'. तेवढं सांभाळा.)

आकडे लिहिण्याची सवयही बदलावी लागते. आपली लाख-कोटीची मोजणी त्यांना कळत नाही आणि मिलियन-बिलियनमध्ये तेही अडखळतात, कारण त्यांची मोजणी दहा हजारांच्या टप्प्यानं चालते. १०,००० म्हणजे एक 'मान्', आणि १० कोटी म्हणजे एक 'ओकु'. म्हणजे आपला १ लाख त्यांचे १० मान् आणि १ कोटी त्यांचे १,००० मान्. बैठकीत आकडा नुसता तोंडी सांगू नका, सगळी शून्यं काढून पडद्यावर दाखवा. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं लिहा. त्यांच्या कागदावर 'रेइवा ७' (सम्राटाच्या कारकिर्दीनुसार मोजलेलं) असं वर्ष दिसलं तर त्या ७ मध्ये २०१८ मिळवा, म्हणजे २०२५ येईल.

वेळेचं गणित सोपं आहे. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आपले सकाळचे ९.३० म्हणजे तिकडे दुपारचा १, जेवणाची सुट्टी संपलेली. आपले दुपारचे २ म्हणजे तिकडे संध्याकाळचे ५.३०, घरी निघायची वेळ. ऑनलाइन बैठका या साडेचार तासांत बसवा. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पितरांचा सण आणि वर्षअखेर ते ३ जानेवारी, या सुट्ट्यांच्या काळात उत्तराची वाट पाहू नका. आर्थिक वर्ष मात्र आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च.

पहिली भेट

ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी स्वागतकक्षात हजर राहा. वीस मिनिटं आधी जाऊन बसलात तर त्यांची धांदल उडते, म्हणून इमारतीबाहेर थांबा. हिवाळ्यात कोट आत जाण्यापूर्वीच काढून हातावर घ्यायचा असतो.

अभिवादनाला हात जोडू नका. तळवे जोडणं तिकडे देवळात, जेवणाआधी, किंवा काकुळतीनं काही मागताना होतं. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाका. हात पुरुषांनी मांड्यांच्या बाजूला ठेवावेत, स्त्रियांनी पुढे एकावर एक. येता-जाता ओळखीच्या माणसाला सुमारे १५ अंश, ग्राहकाला ३० अंश, आणि मोठी चूक झाल्यावर माफी मागताना किंवा फार मोठे आभार मानताना ४५ अंश. नजर खाली जमिनीकडे. समोरच्यानं हस्तांदोलनासाठी हात पुढे केला तर फक्त हात मिळवा. दोन्ही एकदम करायला गेलं की डोकी आपटतात.

कार्डाची देवाणघेवाण अशी होते:

१. टेबलाच्या पलीकडून हात लांबवायचा नाही. वळसा घालून समोर उभं राहायचं. दोन्ही बाजूंचे सर्वांत वरिष्ठ आधी, मग क्रमानं बाकीचे.

२. आलेला पाहुणा किंवा हुद्द्यानं लहान असलेला आधी देतो. अक्षरं समोरच्याला सरळ वाचता येतील असं कार्ड धरून आधी कंपनीचं नाव, मग आपलं नाव सांगायचं.

३. दोघांनी एकदम पुढे केलं तर उजव्या हातानं द्या आणि डाव्या हातातल्या कार्डपाकिटावर घ्या. वडीलधाऱ्या माणसापुढे आपलं कार्ड त्याच्या कार्डापेक्षा बोटभर खाली असावं.

४. घेतल्यावर खरोखर वाचा. नावाचा उच्चार विचारणं यात कमीपणा नाही. एकाच चित्रलिपीतलं नाव अनेक तऱ्हांनी वाचलं जात असल्यामुळे ते आपसातही विचारतात.

५. बसल्यावर कार्डं टेबलावर, ज्या क्रमानं माणसं बसली आहेत त्या क्रमानं मांडा. वरिष्ठाचं कार्ड आपल्या पाकिटावर. त्यावर त्यांच्यादेखत काही लिहायचं नाही, त्याच्याशी चाळा करायचा नाही आणि पँटच्या मागच्या खिशात तर मुळीच घालायचं नाही.

कुठे बसायचं ते सांगेपर्यंत उभे राहा. दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची आणि ती पाहुण्याची. टॅक्सीत चालकाच्या मागची जागा मानाची. चालकाशेजारी बसून पैसे देणारा सर्वांत कनिष्ठ असतो. लिफ्टमध्ये बटणांपाशी उभं राहून दार धरण्याचं कामही त्याचंच.

बैठकीत काय ऐकायचं, काय पाहायचं

तुम्ही बोलत असताना समोरचा दर वाक्याला 'हाइ' म्हणत मान हलवेल. त्याचा अर्थ 'ऐकतोय' एवढाच. आपल्याकडे फोनवर बोलताना 'हं... हं...' चालतं तसंच. बारा वेळा 'हाइ' आलं म्हणून प्रस्ताव मंजूर झाला असं समजू नका. असा हुंकार तुमच्याकडूनही अपेक्षित असतो. तुम्ही गप्प ऐकत राहिलात तर त्याला वाटतं, काही कळलेलं दिसत नाही, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो.

आपली मान मात्र घोटाळा करते. आपण डावी-उजवीकडे मान डोलावून 'ठीक आहे' म्हणतो. जपानी माणूस मान एका बाजूला कलती करतो ती शंका आल्यावर. त्यामुळे तुमचा होकार त्याला 'काही खरं नाही' असा दिसतो. जपानी माणसापुढे मान फक्त वर-खाली हलवा आणि सोबत तोंडानंही सांगा.

शांतता हा आपल्याला सर्वांत जड जाणारा भाग. प्रश्न विचारला, समोर पाच जण, कुणीच बोलेना. तिसऱ्या सेकंदाला आपण घाबरून दुसरा पर्याय देतो, पाचव्याला किंमत कमी करतो. थांबा. मनात दहापर्यंत मोजा. ते विचार करत असतात, किंवा आधी वरिष्ठानं बोलावं म्हणून थांबलेले असतात. इंग्रजी वाक्य मनात जुळवण्यातही वेळ जातो. एखादे वयस्कर गृहस्थ डोळे मिटून बसले असतील तर ते झोपलेच असतील असं नाही. पुष्कळदा सगळ्यात नेमका प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

नकार पुढच्या रूपांत येतो. दातांतून हवा आत ओढल्याचा 'सssस्' आवाज. मान कलती करून, मागचे केस खाजवत 'सोऽ देसु ने...', म्हणजे 'तसं आहे, ना...'. 'चोत्तो...' म्हणजे 'जरा...' म्हणून वाक्य अर्धवट सोडणं. 'मुझुकाशी' म्हणजे अवघड, हा जवळजवळ पक्का नकार. 'कांगाएते ओकिमासु', विचार करून ठेवतो, हासुद्धा बहुधा नकारच. 'केन्तो शिमासु', तपासून पाहतो, हे दोन्हीकडे जाऊ शकतं. इथे विचारा: कोण तपासणार आणि आम्ही पुन्हा कधी विचारावं? नाव आणि तारीख मिळाली तर विषय जिवंत आहे. हसून 'लवकरच' असं उत्तर मिळालं तर तो विषय सोडून पुढच्या कामाला लागा. 'मोचिकाएरिमासु', म्हणजे 'हे ऑफिसात घेऊन जातो', हा प्रामाणिक थांबा आहे. बोलणाऱ्याला तिथल्या तिथे निर्णयाचा अधिकार नसतो.

म्हणून प्रश्न असा विचारा की नकार देणं सोपं जाईल. 'हे चालेल ना?' या प्रश्नाला 'नाही' म्हणायला वाटच नाही. त्याऐवजी 'अ, ब, क या तीन मार्गांपैकी तुमच्या कारखान्याला कुठला जास्त सोयीचा?' किंवा 'हे करायचं तर कुठल्या विभागाला अडचण येईल?' असं विचारा. नकारार्थी प्रश्न तर टाळाच. 'फाइल मिळाली नाही का?' याला 'यस' असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ 'बरोबर, नाही मिळाली' असा असतो. 'फाइल मिळाली का?' एवढंच विचारा.

इंग्रजी बोलताना वाक्यं आखूड ठेवा, एका वाक्यात एकच मुद्दा. त्यांचं वाचन बोलण्यापेक्षा कितीतरी बरं असतं, म्हणून जे बोलणार ते दोन-तीन दिवस आधी लिहून पाठवा. बोलणं तोडणं हा आपल्याकडे उत्साह समजला जातो, तिकडे उद्धटपणा. थोडं जपानी शिकलात तर वाक्यरचना आपल्याला परकी वाटत नाही: क्रियापद शेवटी, प्रत्यय नामानंतर, आणि वाक्याच्या टोकाला आपल्या 'ना'सारखा 'ने'.

निर्णय बैठकीत होत नाही

हे नीट समजलं नाही तर बाकीचं सगळं पाठ करून उपयोग नाही. मोठ्या जपानी कंपनीत बैठक ही आधीच ठरलेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब करायला भरते. खरं काम आधी होतं. त्याला 'नेमावाशी' म्हणतात, झाड दुसरीकडे लावण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणं. भर बैठकीत नवी कल्पना मांडून वाहवा मिळवायला गेलात तर समोर नुसती शांतता पसरेल. कल्पना चांगली असली तरी, कारण आधी न विचारल्यामुळे कुणालाही तिला जाहीर पाठिंबा देता येत नाही.

प्रस्ताव एका कागदावर आणा: सद्यस्थिती, अडचण, कारण, उपाय, खर्च, वेळापत्रक. ज्यांच्या कामावर परिणाम होणार आहे त्यांची यादी करा. यात गुणवत्ता आणि खरेदी विभाग हमखास राहून जातात. प्रत्येकाला स्वतंत्रपणे, पंधरा मिनिटं, 'तुमचं मत हवं होतं' म्हणून भेटा. आक्षेप आला की त्याच्याशी वाद घालू नका. कागद दुरुस्त करा आणि पुढच्या भेटीत ती दुरुस्ती दाखवा. सुरुवात तुमच्या बरोबरीच्या माणसापासून करून वर जा. थेट वरिष्ठाकडे गेलात तर मधला माणूस कायमचा दुखावतो. दोन-तीन आठवडे यात जातात हे वेळापत्रकात आधीच धरा. सगळ्यांशी बोलणं झालं की मगच बैठक मागा. पुढे लेखी प्रस्ताव विभागाविभागांतून शिक्के घेत फिरतो, त्याला आणखी वेळ.

हे कंटाळवाणं आहे, यात शंका नाही. काही वेळा या फिरवाफिरवीत चांगली कल्पना बोथटही होते. पण एकदा ठरलं की कुणी पाय ओढत नाही, आणि आपल्याकडे बैठकीनंतर सुरू होणारी कुरबूर तिथे बहुतेक उरत नाही.

आपलं 'हो'

'शुक्रवारपर्यंत देतो' असं तुम्ही सांगितलंत. समोरच्यानं तो शुक्रवार आपल्या वरिष्ठाला सांगितला, त्यानं ग्राहकाला. गुरुवारी रात्रीपर्यंत आपण 'जमवू' म्हणत राहतो आणि शुक्रवारी संध्याकाळी 'सोमवारी देतो' असा निरोप जातो. तीन दिवस उशीर झाला, याचा त्यांना फारसा राग नसतो. राग असतो तो बुधवारी माहीत असून सांगितलं नाही याचा.

तिथे नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच महिन्यात 'होरेन्सो' शिकवतात: अहवाल देणं, कळवणं, सल्ला विचारणं, या तिन्हींची आद्याक्षरं जोडून केलेला शब्द. (पालकाच्या भाजीलाही हाच शब्द, त्यामुळे तो कुणी विसरत नाही.) आपल्याला त्यातलं शेवटचं जड जातं. सल्ला विचारला तर आपल्याला काही येत नाही असं दिसेल, ही आपली भीती. त्यांच्या लेखी, न विचारता तीन दिवस चाचपडणारा माणूस धोक्याचा.

उशीर होणार असं दिसताच कळवा. निरोपात चार गोष्टी हव्यात: काय अडलं, का अडलं, आत्ता काय करतोय, नवी तारीख. पाचवी, त्यांच्या कामावर होणारा परिणाम, लिहिलीत तर फारच उत्तम. 'लवकरच', 'जवळजवळ झालंय', 'काही प्रॉब्लेम नाही' हे तीन शब्दप्रयोग हद्दपार करा. 'जवळजवळ'ऐवजी 'दहापैकी सात चाचण्या झाल्या' असं लिहा. आणि दर आठवड्याला 'काही अडचण नाही' असाच अहवाल जात राहिला तर जपानी व्यवस्थापक निश्चिंत होत नाही, उलट त्याला वाटतं की हे काहीतरी दडवताहेत.

चूक झाली तर क्रम पाळा. आधी माफी, मग घटना, मग तात्पुरता उपाय, मग मूळ कारण, शेवटी पुन्हा होऊ नये म्हणून केलेला बदल. आपण हमखास कारणापासून सुरुवात करतो आणि ती सबब ठरते. मूळ कारण म्हणून 'त्यानं दुर्लक्ष केलं' हे चालत नाही. दुर्लक्ष होऊ शकलं कसं, तपासणीत सापडलं का नाही, असं पाच वेळा 'का' विचारत खाली जायचं असतं. 'त्याला समज दिली आहे' हा उपाय तर वाचताक्षणी परत येतो.

लिहिताना आणि फोनवर

आडनावानंतर आदरार्थी 'सान' लावा, स्वतःच्या नावानंतर कधीच नाही. इथे आपली जीभ हटकून चुकते, कारण बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या वरिष्ठालाही 'सान' लावायचं नसतं. आपण ग्राहकाला 'आमचे देशपांडे साहेब येतील' असं आदरानं सांगतो, ते सांगतात 'देशपांडे येईल'. ग्राहकापुढे आपल्या कंपनीतलं कुणीच मोठं नसतं. ऑफिसात परत आल्यावर मात्र ते पुन्हा देशपांडे-सान.

मेलमध्ये नावं हुद्द्याच्या क्रमानं लिहा, प्रत घेणाऱ्यांचीही. एखाद्याला वगळलंत तर ते लक्षात येतं. उत्तर तयार नसलं तरी त्याच दिवशी 'मिळालं, गुरुवारी दुपारपर्यंत कळवतो' एवढं पाठवा. बैठकीचं टिपण त्याच संध्याकाळी पाठवून 'यात काही चुकलं असेल तर सांगा' असं लिहा. तोंडी न आलेला नकार पुष्कळदा या टिपणाच्या दुरुस्तीतून येतो. फोन ग्राहकानं ठेवल्यावर आपण ठेवायचा.

हातवारे थोडक्यात. स्वतःकडे दाखवताना ते बोट छातीकडे नाही, नाकाकडे नेतात. चेहऱ्यासमोर पंख्यासारखा हात हलवला म्हणजे 'छे, नाही'. दोन्ही हातांची फुली म्हणजे साफ मनाई. बोलावताना तळवा खाली, आपल्यासारखाच. पाठीवर थाप, खांद्यावर हात, बैठकीत पायावर पाय टाकून बसणं, हे टाळा. लोकलमध्ये फोनवर बोलत नाहीत.

जेवण आणि निरोप

संध्याकाळच्या पार्टीत स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही. शेजाऱ्याचा भरायचा, तो तुमचा भरतो. 'कान्पाइ' (चिअर्स) होईपर्यंत ओठ लावायचा नाही. दारू घेत नसाल तर उलोंग चहा मागवा, कुणी आग्रह केलाच तर 'घेत नाही' एवढं पुरतं. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि घास चॉपस्टिकवरून चॉपस्टिकवर द्यायचा नाही. दोन्ही अंत्यविधीशी जोडलेलं आहे. टिप देत नाहीत.

शाकाहाऱ्यांनी निव्वळ 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. सूप, सॉस, उकडलेली भाजी यांत सुकवलेल्या माशाचा अर्क, 'दाशी', असतो आणि सांगणाऱ्याला तो मांसाहार वाटतच नाही. आयोजकाला तीन दिवस आधी लिहून कळवा: मांस नाही, मासा नाही, माशाची दाशी नाही, आणि अंडं चालतं की नाही. तेही नेमकं लिहा. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण, 'शोजिन र्योरी', हा तिथलाच परंपरागत पर्याय आहे. भाज्यांच्या तेम्पुराच्या (जपानी भज्यांच्या) पिठात बहुधा अंडं असतं आणि सोबतच्या पातळ सॉसमध्ये दाशी.

दोन ग्लास झाल्यावर दिवसभर गप्प असलेला माणूस प्रस्तावात खरी अडचण कुठे आहे ते सांगून जातो. ती माहिती सोन्यासारखी असते, पण दुसऱ्या दिवशी बैठकीत त्याचं नाव घेऊन बोलू नका. प्रस्ताव मुकाट्यानं दुरुस्त करा. सकाळी कामावर गेल्या गेल्या आधी कालच्या जेवणाचे आभार माना.

सुट्टीवरून परत जाताना विभागासाठी खाऊ न्यावा लागतो. विभागातली डोकी मोजा आणि एकेक वडी वेगवेगळ्या वेष्टनात असलेला डबा घ्या. मोठा पेढ्यांचा बॉक्स उघडून फिरवणं तिथे अवघडल्यासारखं होतं, आणि आपल्या मिठाया त्यांना फार गोड लागतात. चिक्की किंवा छोट्या पुड्यांतली बाकरवडी चालते. चारचा संच टाळा, त्या आकड्याचा उच्चार 'मृत्यू'च्या जपानी शब्दाशी जुळतो. आणि हापूसची पेटी सामानात टाकू नका. वनस्पती तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय आणलेली फळं विमानतळावरच काढून घेतात.